माझाच प्रश्न, तुझ्या आवाजात

दादा, काल संध्याकाळी लाइट गेली आणि मी फोनकडे पाहिलं.

हाताला कणीक लागली होती, पंखा गरगरत थांबला, आणि मी ओट्यावरच्या फोनकडे बघत तशीच उभी. आता वाजेल. आता तू गंगापूर रोडच्या तुझ्या फ्लॅटमधून विचारशील, "गेली का गं नले? झोपल्या वाटतं तुमच्या पवनचक्क्या." आणि मी म्हणेन, "मग तुझ्या अणूला म्हणावं, ये धावत. तो कुठं उलथलाय?" लाइट गेली की लोक मेणबत्ती शोधतात, आपण भांडण शोधायचो. काल फोन वाजला नाही. थोड्या वेळानं लाइट आली, पंखा फिरायला लागला, आणि मला तिचा रागच आला. तुझ्या फोनशिवाय आली कशाला?

पेपरात तुझा फोटो आला होता, खाली दोन ओळी. अणुवीज केंद्रातले निवृत्त अभियंता, मनमिळाऊ स्वभाव वगैरे. मनमिळाऊ म्हणे. ते वाचून कुणाला काय कळणार, की तू बासुंदीसाठी वहिनीशी धडधडीत खोटं बोलायचास. किंवा तुझी धाकटी बहीण शाळेत भूगोल शिकवून उरलेला सगळा वेळ तुझ्याच अणुविजेच्या विरोधात सभा घेत फिरायची. आईनं आपल्यापुढे हात टेकले होते. जेवायला बसल्यावर ती आधीच सांगायची, "आज वीज नको. वीज सोडून काय ते बोला."

आणि ती तुझी सवय. तुमच्या कंट्रोल रूममध्ये म्हणे कुणी काही सांगितलं, की ऐकणाऱ्यानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि सांगणाऱ्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. तिथं ते ठीक आहे. तू ते घरी आणलंस. "दादा, येताना कोथिंबीर आण." "येताना कोथिंबीर आणतो." आणि मग फोन कानाला धरून गप्प. मी "बरोबर" म्हणेपर्यंत तू फोन ठेवायचा नाहीस. आधी आम्ही टिंगल केली, मग हळूहळू सगळं घरच तसं बोलायला लागलं. माझी मुक्ता तर बोलायला शिकली तीच अशी. "मुक्ता, दूध पी." "दूध पिते." आणि पेला ओठाला लावून वाट बघत बसायची. तू खोलीत असलास की तो तिसरा शब्द आम्हाला म्हणूच द्यायचा नाहीस. मी सांगितलेलं असायचं, मुक्तानं परत म्हटलेलं असायचं, आणि पेपरातनं डोकं वर न काढता "बरोबर" म्हणायचास तू. जसं काही अख्खं घर तुझ्या पाळीत होतं.

आपलं शेवटचं बोलणंही तसंच झालं.

मुक्ताची अणुविजेच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली, तेव्हा तू पेढे घेऊन आलास आणि मी ते हातात घेतले नाहीत. तुला मूलबाळ नाही, मुक्ताच तुझं सगळं, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं म्हणूनच राग आला. लहानपणापासून तिच्या कानात न्यूट्रॉन फुंकलेस तू. हे म्हणाले, "मामा-भाची बघून घेतील, तू मध्ये पडू नकोस." हे ओझरला विमानाच्या कारखान्यात आहेत, लोखंड सोडून कशातच पडत नाहीत. पण मुक्तानंच मला मध्ये ओढलं. म्हणाली, "आई, तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. पण नाही म्हणणार असशील तर कारण नीट सांग. सभेतलं नको, घरातलं सांग."

घरातलं कारण. ते माझ्याजवळ होतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तुझ्याजवळ.

म्हणून मी तुला फोन केला. म्हटलं, "दादा, एकच विचारते, वाद घालू नकोस. तुझी स्वतःची मुलगी असती, तर तू तिला पाठवली असतीस?"

तू पेपर मिटल्याचा आवाज आला. मग म्हणालास, "प्रश्न असा आहे, की माझी स्वतःची मुलगी असती, तर मी तिला पाठवली असती का."

मी म्हटलं, "बरोबर."

तू म्हणालास, "उद्या सकाळी येतो. समोर बसून सांगतो. फोनवर सांगण्यासारखं नाही."

सकाळी निघताना बूट घालायला खुर्चीत बसलास, तो उठलाच नाहीस. एक बूट पायात, एक हातात. वहिनी चहा घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. आणि मला तुझ्या आवाजातलं शेवटचं काय उरलं, तर माझाच प्रश्न. तो घरभर फिरतो, दादा. मी कुकर लावते, तो मागे उभा असतो. तारेवरचे कपडे काढते, तो गच्चीत असतो. माझी स्वतःची मुलगी असती, तर मी तिला पाठवली असती का. पुढं काही नाही. मी मोठ्यानं "बरोबर, बरोबर" म्हणून पाहिलं. तरी जात नाही.

मयताला तुझ्या सोसायटीतले एक काका आले होते. हळहळले, आणि मग शेजाऱ्याच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "अणुभट्टीत होते ना. किरणं बाधली असणार. कधी ना कधी व्हायचंच." तुला सांगते, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "काका, त्याला बासुंदी बाधली. डॉक्टरांनी बजावूनही वाटीभर खायचा. किरणांचा काही संबंध नाही." तर ते माझ्याकडे बघतच राहिले. मी कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं, माझी भाषणं त्यांनी ऐकली होती. आयुष्यभर तुझ्याशी भांडले आणि तू जमिनीवर निजलेला असताना तुझी वकिली करत बसले. तू असतास तर खुर्चीवरून पडेस्तोवर हसला असतास.

दहाव्याला रामकुंडावर मुक्ताच बसली. तुझं सगळं तिनंच करायचं हे वहिनीनं ठरवलं होतं, आणि गुरुजीही कुरकुरले नाहीत. कोवळे होते, भराभर सांगत होते, त्यांच्यापुढे बाकीची माणसं खोळंबली होती. "पाणी सोडा," ते म्हणाले. मुक्ता म्हणाली, "पाणी सोडते." आणि पळी हातात धरून थांबली. गुरुजींना कळेना. "ताई, म्हणायचं नाही, सोडायचं." "सोडते." पुन्हा थांबली. तिच्या ध्यानातच येत नव्हतं ती काय करतेय ते. डोळ्यांतून पाणी चाललेलं, हात स्थिर, आणि नजर गुरुजींच्या तोंडाकडे. मागे उभ्या राहिलेल्या वहिनीनं पदर तोंडात कोंबला, हसू की रडू कोण जाणे. शेवटी मीच वाकून गुरुजींना म्हटलं, "तिला नुसतं बरोबर म्हणा." ते बिचारे दचकून म्हणाले, "बरोबर, बरोबर." तेव्हा कुठं पाणी पडलं. त्यानंतर प्रत्येक वेळी ते मुकाट्यानं "बरोबर" म्हणत गेले. तुझा दहावा तुझ्या पद्धतीनं झाला एवढं तुला कळवते.

घाटावरून परतताना मला त्या राखेच्या वादाची आठवण झाली. आपण लहान होतो तेव्हा गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख यायची, आठवतं? आई चादरी झटकून घडी घालायची. मोठेपणी वादात तू तीच चादर माझ्या तोंडावर आणून आपटलीस. म्हणालास, "ती राख आपण श्वासातून घेतली, तिच्या विरोधात कुणी मोर्चा काढला? ती दिसते म्हणून तुम्हाला घरची वाटते. आमचा कचरा निदान कुलपात असतो." मी म्हटलं, "राख झटकता येते, दादा. तुझं काय झटकणार? आणि तुझ्या कुलपाची किल्ली किती पिढ्या सांभाळायची, कोणी सांभाळायची?" तू हसलास. "हे चांगलं बोललीस. भाषणात घाल." मी घातलं. टाळ्या पडल्या. कबूल करते, तुझ्याशी घरी भांडले नसते तर मला सभेत बोलायला काही सुचलं नसतं.

आणि मग ती कोकणातली जनसुनावणी. समुद्राकाठच्या त्या गावात नवं केंद्र यायचं होतं. आमचा गट नाशिकहून जीप करून निघाला, आणि तुला सरकारी मंडळींनी जाणकार म्हणून बोलावलेलं. तू म्हणालास, "दोन गाड्या कशाला? मला घ्या तुमच्यात." आमच्याबरोबर आलास, माझ्याच डब्यातल्या धपाट्यांवर ताव मारलास, आणि मांडवात पोचल्यावर शर्ट झटकून समोरच्या मंचावर जाऊन बसलास. आमच्या गटातल्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मीच हेर आणला होता.

माझी पाळी आली तेव्हा मी तुलाच विचारलं. भूगोल शिकवते, मला रस्ते दिसतात. त्या गावाला एकच रस्ता होता, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे खाडी, मध्ये एक अरुंद पूल. म्हटलं, "उद्या अपघात झाला, तर ही सगळी माणसं, म्हातारी, तान्ही पोरं, ह्या एका पुलावरून वेळेत बाहेर काढता येतील का?"

मंचावरच्या लोकांना प्रश्न चेपून लहान करायची सवय असते. "बाईंचा प्रश्न सुरक्षिततेबद्दल आहे" असं म्हणून ते दुसरंच उत्तर देतात. तू माईक ओढून घेतलास. "प्रश्न असा आहे," तू म्हणालास, आणि माझा सगळा प्रश्न, डोंगर, खाडी, पूल, म्हातारी, तान्ही पोरं, एकही शब्द न गाळता परत म्हटलास. मला भर सभेत "बरोबर" म्हणावं लागलं. मग तू म्हणालास, "ह्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ज्यांच्याजवळ असायला हवं ते इथंच बसलेत, त्यांनी द्यावं." कुणी दिलं नाही. चहाची सुट्टी जाहीर झाली.

त्यानंतर त्या मंडळींनी तुला कधी कुठं बोलावलं नाही. आणि आमच्यातले म्हणाले, तुझा भाऊ गोड बोलून वेळ मारून नेतो. दोन्हीकडून बोलणी खाल्लीस. परतीच्या वाटेवर तू कसाऱ्याच्या घाटापर्यंत खिडकीबाहेर बघत होतास. मी विचारलं, "रागावलास?" तू म्हणालास, "नाही. प्रश्न चांगला होता." एवढंच. मला वाटलं मी जिंकले. पण तुझा चेहरा हरलेल्या माणसाचा नव्हता, काहीतरी गिळून बसलेल्या माणसाचा होता.

तो चेहरा मी आधी एकदा पाहिला होता. तेच माझं घरातलं अर्धं कारण.

मुक्ता तान्ही होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला घेऊन तुझ्याकडे केंद्राच्या वसाहतीत राहायला आले होते. तू कामावरून आलास की चपला काढायच्या आधी तिला उचलायचास, वहिनी ओरडायची. त्या संध्याकाळी तू उशिरा आलास, आणि अंगात परक्याचे कपडे. सकाळी आकाशी शर्ट घालून गेलेला माणूस ढगळ पांढऱ्या डगल्यात परत आला, बाह्या दुमडलेल्या. मी हसले, "कुणाचा डगला चोरलास?" तू हसला नाहीस. न्हाणीघरात गेलास, खूप वेळ पाणी वाजत राहिलं. मग बाहेर येऊन तांब्यावर तांब्या पाणी प्यायलास, वरून ताक. मुक्तानं पाळण्यातून तुझ्याकडे हात केले. तू दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलास आणि तिला घेतलं नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. माझी सुट्टी संपेपर्यंत तू तिला हात लावला नाहीस. स्टेशनवर सोडायला आलास तेव्हा लांबून टाटा केलास.

मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. पुढे प्रत्येक वादात तू "सुरक्षित आहे गं" म्हणायचास, आणि मला ती चौकट दिसायची, तिला टेकलेला तू. तुला हे सांगायला हवं होतं का मी? सांगितलं असतं तर तू बोलला असतास? की आणखीच मूग गिळून बसला असतास? आता विचारून काय उपयोग. तू उद्या येणार होतास.

गेल्या आठवड्यात वहिनीकडे गेले होते. तुझे कपडे काढून द्यायचे होते, आश्रमातले लोक न्यायला येणार होते. शर्टांच्या घड्या घालता घालता मी सहज म्हटलं, "वहिनी, तो परक्या कपड्यांत घरी आला होता, ती संध्याकाळ आठवते?"

वहिनीचा हात थांबला. "तुला आठवते ती?"

"मी विसरलेच नाही."

ती पलंगावर बसली. "कसली तरी गळती झाली होती गं. भट्टीतलं पाणी उडालं अंगावर. कपडे तिथंच ठेवून घेतले. किरणं मोजायच्या यंत्रावर पुन्हा पुन्हा उभं करून तपासलं आणि घरी सोडलं. साहेब म्हणाले, मर्यादेच्या खूप आत आहे, काही काळजी नाही, भरपूर पाणी-ताक प्या म्हणजे निघून जाईल. पुढे लघवीचे नमुने तपासले, त्यातही काही नव्हतं."

"मग मुक्ताला का घेतलं नाही त्यानं?"

"मीही तेच विचारलं. म्हटलं, यंत्र म्हणतंय ना स्वच्छ. तर म्हणाले, मर्यादा माझ्यासाठी ठरवलीय. मी पगार घेतो, मी सही करून आत जातो. तिला कुणी विचारलंय?" वहिनीनं तुझा शर्ट मांडीवर सरळ केला. "आणि मला शपथ घातली. म्हणाले, नलूला कळलं तर ती पुन्हा पोरीला घेऊन इथं यायची नाही."

मी तिथंच रडले, दादा. आणि रडता रडता तुला शिव्या दिल्या, वहिनीच्या देखत. तिला कुणी विचारलंय? अरे, हेच तर मी गावोगाव ओरडत फिरत होते. त्या खाडीकाठच्या पोरांना कुणी विचारलंय? तुला हे सगळं पाळण्याकडे लांबून बघताना कळलं होतं, आणि मांडवात माईक हातात असताना तू माझा प्रश्न तेवढा परत म्हटलास. तुझी स्वतःची गोष्ट नाही सांगितलीस. तुमच्या त्या सगळ्या कुंपणामागं हेच चालतं का? गळती छोटी, माणसं भली, आणि तोंडाला कुलूप. गळतीपेक्षा मला त्या कुलपाचीच भीती वाटत आली. आणि ते माझ्याच भावाच्या तोंडाला होतं, का, तर त्याला भाची भेटेनाशी होईल म्हणून. ह्या गोष्टीवर मी तुझ्याशी आयुष्यभर भांडले असते. आता कोणाशी भांडू?

पण उत्तर मिळालं. तू समोर बसून हेच सांगणार होतास ना? हीच संध्याकाळ? मला तसं वाटतं. खात्री नाही. खात्री करून द्यायला तू नाहीस.

मी मुक्ताला सगळं सांगितलं. डगला, ताक, चौकट. ती गुडघे जवळ घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मामाला भीती वाटायची."

"वाटायची."

"आणि तरी दुसऱ्या दिवशी कामावर गेला."

"गेला."

"मला तर आता विचारलंय, आई," ती म्हणाली. "मी पाळण्यात नाही."

तिनं तुझंच वाक्य उचलून माझ्यासमोर ठेवलं होतं. मी हो म्हटलं. पण म्हणून मी तुझ्या बाजूला आले असं समजून तिकडं पेढे वाटू नकोस. त्या खाडीच्या गावाला मी पुन्हा जाणार आहे, आणि ह्या वेळी पुलाबरोबर पाळण्याचीही गोष्ट सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही. माझा एक भाऊ होता, एवढंच म्हणेन.

आज सकाळी मुक्ता निघाली. हे खाली रिक्षा थांबवून उभे होते. तिनं बॅग खांद्याला लावली, तुझ्या फोटोला नमस्कार केला, माझ्या पाया पडली. दारात गेल्यावर मी तिला हाक मारली.

"मुक्ता, तिथं काही झालं, लहान असो मोठं असो, ते घरी येऊन सांगायचं. मामासारखं गप्प बसायचं नाही."

ती वळली. चौकटीला हात लावून, एकेक शब्द मोजून म्हणाली, "तिथं काही झालं, लहान असो मोठं असो, ते घरी येऊन सांगेन. मामासारखी गप्प बसणार नाही."

आणि ती थांबली, माझ्या तोंडाकडे बघत.

मीही थांबले, दादा. खालून रिक्षाचा हॉर्न वाजत होता. आमच्याकडे आलास की तू पेपर घेऊन बसायचास ती खुर्ची माझ्या मागेच आहे, अजून हलवलेली नाही. सवयीनं मी तिकडून येणाऱ्या शब्दाची वाट बघत राहिले. मुक्ताही बघत होती, तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली ती मी पाहिली.

मग मीच म्हटलं, "बरोबर."